पाचक गोळी आणि छातीतील जळजळ

आपल्या अलिबाग, मुरुड, श्रीवर्धनच्या पट्ट्यात 'पित्त' हा शब्द फार राबवला जातो. छातीत जळजळले तरी पित्त, आंबट पाणी घशाशी आले तरी पित्त, डोके दुखून उलटी झाली तरी पित्त आणि अंगावर गांधी उठल्या तरीही पित्तच! वास्तविक पित्त हा यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा रस होय. तो पित्ताशयात साठतो व स्निग्ध पदार्थ पचविण्यास मदत करतो. छातीत जळते ते बहुधा जठरातील हायड्रोक्लोरिक आम्ल. या एका शब्दाच्या घोळातून दुसरा घोळ होतो. 'पित्त झाले' म्हणजे 'अन्न पचले नाही' असे धरून लोक पाचक गोळी घेतात. आम्ही काही डॉक्टर नव्हे, कला शाखेचे पदवीधर. परंतु बँकेत कागदावरील बारीक अक्षर वाचण्याची सवय जडली असल्याने गोळीच्या वेष्टणावरील मजकूरही वाचतो. त्यावरून व वैद्यकीय माहितीवरून हा लेख लिहीत आहोत.

प्रथम जळजळ कशी होते ते पाहू. खारभूमीच्या बांधाला उघाडी असते, हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगावयास नको. ती शेतातील पाणी बाहेर सोडते, पण भरतीचे खारे पाणी आत येऊ देत नाही. अन्ननलिका जठराला मिळते तेथे स्नायूंचे असेच एक कडे असते. ते सैल पडले, किंवा पोटावर दाब आला, की आम्ल वर चढते. जठराला आतून संरक्षक थर असतो, तसा अन्ननलिकेला नसतो. म्हणून ती पोळते.

आता पाचक गोळी. शाळेत आपण ज्यांना 'विकर' म्हणून शिकलो, ती त्यात असतात. मटण लवकर शिजावे म्हणून कच्ची पपई लावतात ना, त्या पपईच्या चिकातील पपेन हेही एक विकर. ते प्रथिने तोडते. डायास्टेज पिष्टाचे तुकडे करते. ताकामिने नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने बुरशीपासून ते काढून १८९४ साली अमेरिकेत त्याचे पेटंट मिळविले. युनिएन्झाइमसारख्या गोळीत या दोहोंबरोबर कोळशाची भुकटीही असते. यातील एकही वस्तू आम्ल कमी करीत नाही की उघाडी घट्ट करीत नाही. जेवणानंतर पोट जड होणाऱ्यास अशा गोळीने बरे वाटू शकेल, पण जळजळीवर ते औषध नव्हे.

तरीही डॉक्टरांनी दिली असेल तर ती जेवणाबरोबर, बसून, पेलाभर पाण्याने घ्यावी. आडवे होऊन घोटभर पाण्यावर गिळलेली गोळी अन्ननलिकेत अडकते आणि मटण मऊ करणारे पपेन तेथील आधीच पोळलेल्या त्वचेलाही सोडत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पपेन विचारल्याशिवाय घेऊ नये. कोळसा इतर औषधे शोषून घेतो, म्हणून दोन तासांचे अंतर ठेवावे. त्याने शौचास काळी होते, हेही लक्षात असावे. कारण डांबरासारखी काळी, चिकट शौच हे पोटात रक्तस्राव होत असल्याचेही लक्षण आहे. 'गोळीमुळे असेल' असे स्वतःच ठरवू नये.

स्वादुपिंडाच्या आजारात मात्र विकरांची खरोखर गरज असते. ती कॅप्सूल आम्लाने नष्ट होऊ नये म्हणून विशिष्ट आवरणाची असते. ती चावू नये, कुटू नये, शेजाऱ्याचा लेख वाचून बंद तर मुळीच करू नये! अशा रुग्णास आम्ल कमी करणारे औषधही कधी सोबत देतात, ते विकर टिकावे म्हणून. ओमेप्राझोलसारखी गोळी नाश्त्यापूर्वी अर्धा तास घ्यायची असते. पुष्कळजण ती जेवण झाल्यावर घेतात व 'गुण नाही' म्हणतात.

खरा उपाय ताटात व खाटेवर आहे. थळच्या कारखान्यातून वा न्हावाशेव्याच्या बंदरातून रात्रपाळीचे लोक उशिरा येतात, जेवतात आणि लगेच पाठ टेकतात. जेवण व झोप यांत दोन-तीन तास हवेत. ते जमत नसेल तर मुख्य जेवण कामावरच करून घरी हलके खावे. खाटेच्या डोक्याकडील पायांखाली विटा ठेवून सहा ते आठ इंच उंची द्यावी. नुसत्या दोन उशांनी मान वाकते आणि पोट दाबले जाते. डाव्या कुशीवर झोपणे चांगले. तंबाखूने ते कडे सैल पडते. आमच्या माताभगिनींची मशेरीही त्यात आली. सोलकढीविषयी वाद नको. कोणाला ती मानवते, कोणाला आंबटपणाने जळजळते. ज्याने त्याने पाहावे. परीक्षेच्या रात्री उपाशीपोटी चार-चार कप चहा घेणाऱ्या विद्यार्थ्यांना मात्र आमचे सांगणे आहे की आधी काही खा.

गिळताना घास अडकत असेल, वजन घटत असेल, रक्ताची उलटी झाली असेल किंवा दोन-तीन आठवडे जळजळ थांबत नसेल, तर तपासणी करून घ्यावी. छातीत दाब येऊन घाम फुटला, दम लागला, कळ डाव्या हातात वा जबड्यात गेली, तर ते पित्त समजून गोळी शोधत बसू नये. तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. मुरुड-श्रीवर्धनसारख्या ठिकाणाहून मोठे इस्पितळ दूर असल्याने फोन आधी करावा आणि घरात कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत, त्यांची वेष्टणे बरोबर घ्यावीत.