खेळून आलेल्या पोट्ट्याची भूक

वलगावात पीटी शिकवणाऱ्याला पालकसभेत फारसं कोणी विचारत नाही. एक प्रश्न मात्र ठरलेला. ‘सर, आमचा पोट्टा आधीच जाडा. तुमी त्याले खेयवता, अन् घरी येऊन थो डब्बल जेवते. मंग वजन उतरन कसं?’

विचारणाऱ्या काकूंचा हिशेब वावरातला आहे. दिवसभर निंदून आलेल्या बाईला भूक लागतेच. पण लठ्ठ मुलांत, निदान त्या दिवसापुरतं, वेगळंच दिसतं. 2012 साली फ्रान्समधल्या डेव्हिड थिव्हेल आणि सहकाऱ्यांनी 15 लठ्ठ मुलांना तीन वेगवेगळे दिवस खास खोलीत ठेवून बघितलं. एक दिवस बसून, एक दिवस हलका व्यायाम, एक दिवस जोराचा. दोन्ही व्यायामांत ऊर्जा सारखीच खर्च होईल असं बेतलं होतं. जोराच्या व्यायामाच्या दिवशी मुलं रात्री आपणहून कमी जेवली. मला गंमत वाटते ती पुढच्या गोष्टीची. भूक किती आहे, असं विचारल्यावर तिन्ही दिवशी उत्तरं सारखीच होती. म्हणजे पोरांना पत्ताच नाही, अन् ताटात कमी वाढून घेतलं! सडपातळ मुलांत हा परिणाम सहसा असा दिसत नाही.

जोराच्या व्यायामानंतर जेवण कमी का होतं? जठरातून घ्रेलिन नावाचं संप्रेरक निघतं, ते मेंदूला ‘खा’ म्हणतं. 1999 साली जपानी शास्त्रज्ञांनी ते शोधलं. दम लागेल असा व्यायाम झाला की ते काही वेळ ओसरतं आणि पोट भरल्याचं सांगणारी आतड्यातली संप्रेरकं वाढतात. रक्तही आतड्यांकडून स्नायूंकडे वळलेलं असतं.

पण जोराचा व्यायाम म्हणजे राउंड नव्हे. जाड्या पोराला पहिल्याच दिवशी ग्राउंडला चकरा मारायला लावणारे मास्तर आमच्यात आहेत. तो पोरगा पुन्हा मैदानावर दिसत नाही. मी त्याला कबड्डीत घेतो. तिथे वजन कामी येतं, धाप लागते, अन् मधेमधे उसंतही मिळते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 साली बर्लिनला नेऊन दाखवलेला खेळ आहे हा, कमी समजू नका.

मग डब्बल जेवण येतं कुठून? बरेचदा आपल्याच हातून. ‘थकला बिचारा’ म्हणून आई जास्तीची पोळी वाढते, आणि अर्ध्या तासात जाळलेलं दोन आलूबोंडे सहज भरून काढतात. शिवाय वजन खरंच उतरू लागलं की शरीर हळूहळू भूक वाढवून वाट अडवतं. त्यामुळे एका दिवसाच्या या फायद्यावर महिन्यांचा हिशेब मांडता येत नाही. घरचं ताटही बघावंच लागतं.

भूक ओसरलेली असतानाच पोरं घरी जेवावीत म्हणून आठवीचा पीटीचा तास मी शेवटचा मागून घेतला. खेळ झाला की सरळ घर, अन् लवकर जेवण. वाटेत आलूबोंड्याची गाडी लागते. गाडीवाला माझाच जुना विद्यार्थी, चांगला रेडर होता. तो काही माझं ऐकत नाही.