‘मला घरी जायचंय’

संध्याकाळ झाली की डिमेन्शिया झालेल्या आजी पिशवी भरू लागतात. ‘मला घरी जायचंय.’ ‘अहो, हेच तुमचं घर!’ हे उत्तर खरं, पण निरुपयोगी.

अल्झायमर या डिमेन्शियाच्या प्रकारात मेंदूतला हिप्पोकॅम्पस लवकर झिजतो, त्यामुळे नवी माहिती टिकत नाही. भावना मात्र टिकते. आयोवा विद्यापीठाच्या २०१४च्या अभ्यासात रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. तपशील पुसले गेले, मनःस्थिती रेंगाळली. म्हणजे वाद विसरला जातो, त्याची बोच उरते. (जिंकून मिळवलं काय?)

तेव्हा ‘घरी कोण कोण असतं?’ असं विचारा, चहा द्या, दिवे लवकर लावा. गोंधळ अचानक वाढला, तर लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता किंवा वेदना नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या.