दार उघडलं की मांजर पसार? कडीचा आवाज आणि स्टूल

वाशीमवरून बोलतोय. आजचा विषय म्हणजे दार उघडलं रे उघडलं की बाणासारखं सुटणारं मांजर.

आमच्या चिंगीचं हे सुरू झालं एप्रिलमध्ये. आपल्याकडे कूलर लावला की दार नाहीतर खिडकी थोडी उघडी ठेवावीच लागते, नाहीतर घरात नुसता दमटपणा. तेवढी फट तिला पुरली. समोरून दिवसभर ट्रॅक्टर आणि ऑटो, रात्री कुत्र्यांची टोळी. आमचा आधीचा बोका असाच निसटला आणि गाडीखाली आला. म्हणून यावेळी मी नीट वाचून कामाला लागलो.

पहिली चूक आमचीच होती. आई ओरडायची, "अरे, पकड तिले!" आणि मी मागे धावायचो. चिंगीसाठी तो मस्त खेळ!

१८९८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी उपाशी मांजरं लाकडी पेटीत ठेवून बाहेर खाणं ठेवलं. आतली दोरी ओढली किंवा खिटी सरकवली की दार उघडायचं. सुरुवातीला मांजर नुसतं ओरबाडायचं, दार चुकूनच उघडायचं. पण हळूहळू सुटायला लागणारा वेळ कमी होत गेला. ज्या कृतीनंतर चांगलं काही मिळतं, ती परत परत होते. आता बघा, आपलं घर म्हणजे चिंगीची पेटी आणि बाहेर पडणं हेच बक्षीस. दहापैकी एकदाच निसटली तरी सवय सुटत नाही, कारण कधीतरीच मिळणाऱ्या बक्षिसाचा नाद जास्त चिवट असतो. रील्स सरकवताना आपलं बोट थांबतं का?

मग उपाय काय? दारापेक्षा चांगलं काहीतरी दारापासून लांब द्यायचं. मी दारापासून सहा-सात फुटांवर एक स्टूल ठेवलं. त्यावर चढली की उकडलेल्या चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा. मीठ-मसाला नको, आणि कांदा-लसूण तर अजिबात नको, मांजरांना तो विषारी असतो. ती स्वतःहून स्टुलावर जायला लागली, तेव्हा दुसरी पायरी. नुसती कडी वाजवायची, तुकडा स्टुलावर. मग दार बोटभर उघडून लगेच बंद, तुकडा स्टुलावर. मग वीतभर. ती खाली उतरून दाराकडे आली तर दार बंद, खाऊ नाही, रागावणंही नाही. दिवसातून दोनदा, तीन-चार मिनिटं, तेही जेवणाआधी, भूक असताना. सराव चालू असताना बाहेरचं गेट लावलेलं ठेवा. काही आठवड्यांत कडी वाजली की चिंगी स्टुलाकडे पळायला लागली.

पाणी उडवणं, चप्पल आपटणं हे करू नका. त्याने मांजर दाराला नाही, तुम्हाला घाबरतं, आणि तुम्ही नसताना निसटतंच. घरात आल्यावर दारातच लाडही करू नका. आत या, स्टुलापाशी जा, तिथे कुरवाळा. हे घरातल्या सगळ्यांनी पाळायला हवं. आमची आजी अजून दारातच "ये वं माय" म्हणते, तिला कोण शिकवणार!

पहाटे आणि तिन्हीसांजेला मांजर जास्त चळवळं असतं, नेमकी तीच आपली जाण्यायेण्याची वेळ. त्याआधी दोरीने दहा मिनिटं दमवा. जाळी लावलेल्या खिडकीत बसायला जागा करून द्या. नसबंदी झाली नसेल तर पशुवैद्यकांशी बोला, कारण माजावर आलेल्या मांजरीला किंवा बोक्याला स्टूल थांबवत नाही. रेबीजची लसही घ्या.

आणि तरीही निसटलंच तर? धावू नका. २०१८ च्या एका अभ्यासात, सापडलेल्या मांजरांपैकी सुमारे ७५ टक्के घरापासून ५०० मीटरच्या आतच मिळाली होती. गाडीखाली, जिन्याखाली, शेजाऱ्याच्या लाकडांमागे टॉर्च मारा, डोळे चमकतात. खाली बसा, खाऊचा डबा वाजवा.

आमच्याकडे एक अडचण उरलीय. नळ आला की सगळे बादल्या घेऊन बाहेर, दार सताड उघडं. त्या वेळी चिंगीला सरळ आतल्या खोलीत बंद करतो.