साधन शिकायचे की धडा?

पाकिस्तानातल्या पंजाब प्रांतात सरकारी शाळांमध्ये झालेले दोन प्रयोग आपल्याकडच्या प्रत्येक शिक्षणाधिकाऱ्याने वाचायला हवेत. पहिल्या प्रयोगात आठवीच्या वर्गात पडदा बसवला, गणित-विज्ञानाच्या पाठांचे छोटे व्हिडिओ आणि प्रश्न भरलेला टॅब शिक्षकाच्या हाती दिला आणि तो शिकवताना कसा वापरायचा याचे थोडके प्रशिक्षणही दिले. चारेक महिन्यांतच ती मुले इतर वर्गांतल्या मुलांच्या स्पष्टपणे पुढे गेली. दुसऱ्या प्रयोगात त्याच धर्तीचा मजकूर टॅबमध्ये भरून थेट मुलांना दिला आणि शिक्षकाला जवळजवळ वगळले. तिथे मुलांचे गुण वाढले तर नाहीतच, उलट घसरले. सब्रीन बेग, एड्रियन ल्यूकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा निष्कर्ष शिक्षक म्हणून वाचताना बरे वाटते, पण त्यामागोमाग एक अडचणीचा प्रश्नही येतो. साधन शिक्षकाच्या हातून गेले तरच उपयोगी पडत असेल, तर त्या शिक्षकाने आधी काय शिकलेले असायला हवे? टॅब चालू-बंद करण्यापलीकडचे काहीतरी असणार, एवढे तर उघड आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर आपण गेली कित्येक वर्षे एकाच पद्धतीने देत आलो आहोत. नवे साधन आले की त्याचे प्रशिक्षण लावायचे. १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली, त्याच सुमारास देशभरातल्या निवडक शाळांत संगणक साक्षरतेचा केंद्र सरकारचा प्रकल्प आला. २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'नंतर लोकवर्गणीतून डिजिटल शाळा उभ्या राहिल्या, 'तंत्रस्नेही शिक्षक' घडवणाऱ्या कार्यशाळा तालुक्या-तालुक्यांत भरल्या. २०१७ मध्ये केंद्र सरकारचे 'दीक्षा' हे डिजिटल शिक्षण-व्यासपीठ आले आणि पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड दिसू लागले. २०१९ मध्ये शिक्षकांसाठीचे 'निष्ठा' प्रशिक्षण सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी करोनामुळे ते १८ घटकांत मोबाइलवर आले. नावे बदलली तरी शिकवण्याचा क्रम तोच राहिला: आधी ॲप डाउनलोड करा, खाते उघडा, मग स्लाइड, मग गुगल फॉर्म, मग व्हिडिओला आवाज जोडणे, शेवटी प्रमाणपत्र. साधनाची ओळख सगळ्यांना सारखीच, मग समोर पहिलीचा वर्ग असो की दहावीच्या भूमितीचा. सुलभक मनापासून शिकवतात, शिक्षकही शिकतात, आणि सोमवारी वर्गात गेल्यावर त्या स्लाइडचे करायचे काय, हे कुणालाच ठाऊक नसते. माझे म्हणणे असे की हा क्रम उलटा केल्याशिवाय यातले काहीच वर्गापर्यंत पोचणार नाही. धड्यात मूल कुठे अडते, तिथून सुरुवात करायची. त्या अडचणीसाठी साधन लागते का आणि लागले तर कोणते, हे त्यानंतर ठरवायचे.

हा विचार माझा नव्हे. ली शुलमन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९८६ साली दाखवून दिले की गणित येणे वेगळे, शिकवण्याची हातोटी वेगळी, आणि गणितातला एखादा भाग मुलांना कशामुळे अवघड जातो याची जाण या दोहोंहून वेगळी. चांगल्या शिक्षकाचे खरे भांडवल ही तिसरी गोष्ट असते. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये त्यात तंत्रज्ञानाची भर घातली. त्यांचे सांगणे होते की साधनाचे ज्ञान सुटे राहिले तर ते वर्गात निरुपयोगी ठरते; ते विषयाच्या आणि शिकवण्याच्या ज्ञानात मुरावे लागते. ऐकायला जड वाटते, पण कोणत्याही प्राथमिक शाळेतल्या बाईंना हे सांगावे लागत नाही. एक चतुर्थांश हा एक तृतीयांशापेक्षा मोठा, असे मूल ठामपणे सांगते, कारण तिनापेक्षा चार मोठे. ही चूक आळसातून येत नाही. पूर्णांकांचा जो नियम मूल शहाणपणाने शिकले, तोच ते इथे लावत असते. इथे पडद्यावर रंगीत गाणे लावून काहीही होत नाही, कागदाच्या दोन एकसारख्या पट्ट्या घेऊन एक तीन आणि दुसरी चार समान भागांत दुमडली तर होते.

भूमितीत मात्र पडद्याला काम आहे. आपण फळ्यावर त्रिकोण काढतो तो बहुतेक वेळा लघुकोनी, पाया आडवा ठेवलेला. मुलांच्या मनात त्रिकोण म्हणजे तोच, आणि शिरोलंब म्हणजे आतून सरळ खाली येणारी रेघ. विशालकोन त्रिकोणाचा शिरोलंब बाहेर पडतो हे त्यांना पटतच नाही. साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या जिओजेब्रामध्ये शिरोबिंदू धरून हळूहळू सरकवला, की शिरोलंब पायाच्या टोकाकडे सरकत, टोकावरून पलीकडे जाताना डोळ्यांसमोर दिसतो. खडूला हे जमत नाही, कारण फळ्यावरची आकृती हलत नाही. विजेच्या एकसर जोडणीचेही तसेच. पहिला दिवा वीज 'खातो' आणि दुसऱ्याला कमी पोचते, असे मुलांना वाटते. कोलोरॅडो विद्यापीठाच्या मोफत 'फेट' प्रतिकृतींमध्ये तारेतला प्रवाह जागोजागी मोजून दाखवता येतो, आणि त्यातल्या अनेक मराठीतही आहेत. याउलट मटकीला मोड येतानाचा व्हिडिओ दाखवणे मला निव्वळ उधळपट्टी वाटते. वाटीभर मटकी आणि ओले फडके कुठल्या शाळेत मिळत नाही? म्हणजे साधन कुठे वापरायचे याइतकेच कुठे वापरायचे नाही, हेही शिकावे लागते, आणि प्रशिक्षणाच्या वेळापत्रकात नेमका त्याचाच तास नसतो.

साधनाची जागा चुकली तर काय होते, याचा पुरावा शेजारच्या गुजरातेतच आहे. अर्थशास्त्रज्ञ ली लिंडेन यांनी ग्यानशाला या संस्थेच्या वर्गांत दुसरी-तिसरीच्या मुलांसाठी गणिताचा एक संगणकीय कार्यक्रम दोन प्रकारे वापरून पाहिला. शाळेच्या वेळात, शिक्षिकेच्या शिकवण्याऐवजी तो लावला तेव्हा मुले जेवढे शिकली असती त्याहून कमी शिकली. तोच कार्यक्रम शाळा सुटल्यावर, वर्गातल्या शिकवण्याला जोड म्हणून दिला तेव्हा त्यांना फायदा झाला. यंत्र तेच आणि मजकूरही तोच होता. पेरूचा अनुभव आणखी बोलका आहे. प्रत्येक मुलाला लॅपटॉप देण्याच्या जागतिक मोहिमेत तिथल्या सरकारने मोठा खर्च केला. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने पेरूतल्या ३१९ ग्रामीण शाळा तपासून २०१२ मध्ये सांगितले की भाषा आणि गणित या दोन्हींत मुलांच्या गुणांवर काही परिणाम दिसत नाही.

इथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. दिल्लीत माइंडस्पार्क या संगणकीय कार्यक्रमावर कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. साडेचार महिन्यांत त्या केंद्रांतल्या मुलांनी गणितात आणि हिंदीत लक्षणीय मजल मारली. मग कार्यक्रमच एवढे करत असेल तर शिक्षकाला शिकवण्याचा खटाटोप कशाला? पण तो कार्यक्रम यशस्वी का झाला, हे पाहिले की आक्षेपाचा रोख बदलतो. सहावीतली मुले गणितात सरासरी दोन-अडीच इयत्ता मागे होती, आणि कार्यक्रम प्रत्येकाला त्याच्या पातळीवरचे, त्याच्या चुकीशी जुळणारे प्रश्न देत होता. मुलांच्या चुका गोळा करून, त्यांचे प्रकार पाडून कुणीतरी तो आधी रचला होता. शिवाय केंद्रात निम्मा वेळ छोट्या गटाला एक माणूस शिकवत असे. म्हणजे मूल कुठे अडते याचे ज्ञान तिथेही होतेच. ते फक्त शिक्षकाच्या डोक्यातून यंत्रात गेले होते. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या पातळीवर उतरणे एकट्या शिक्षकाला झेपत नाही, हे मी मान्य करते. तेवढ्यापुरते यंत्र खरोखर सरस आहे. पण कोणत्या मुलाला त्यापुढे बसवायचे, कशासाठी आणि परत आल्यावर त्याला काय विचारायचे, हे सांगणारे माणूस वर्गात लागते.

दुसरा आक्षेप सोयींचा. आधी वीज आणि रेंज द्या, मग शिकवण्याचे बोला, असे शाळाशाळांतून ऐकू येते, आणि ते खोटे नाही. २०२३-२४ च्या यू-डायस या सरकारी शाळा-माहितीच्या आकडेवारीनुसार देशातल्या सुमारे ५७ टक्के शाळांत संगणक आणि ५४ टक्के शाळांत इंटरनेट होते. मात्र सोय आली की उपयोग आपोआप येतो, हे गृहीतक पेरूने खोडले आहे. आणि शिक्षकांना नवे शिकायचेच नसते, हा शहरी बैठकांतला लाडका समज तर करोनाकाळाने निकालात काढला. २०२० च्या उन्हाळ्यात 'शाळा बंद, पण शिक्षण आहे'चा अभ्यास रोज मोबाइलवरून घरोघर पाठवणारे, नंतर ओसरीवर चार-चार मुले घेऊन बसणारे शिक्षक निवृत्तीला आलेलेही होते. तिथे काम काय आहे ते समोर दिसत होते, म्हणून हात शिकले. आज शिक्षकाचा मोबाइल सर्वांत जास्त चालतो तो माहिती भरण्यासाठी: पोषण आहार, हजेरी, यू-डायस, चाचणीचे गुण आणि संध्याकाळी पाचच्या आत भरायची आणखी एक लिंक. तंत्रज्ञानाशी त्याची ओळखच अशी कारकुनी असेल, तर प्रशिक्षणाचे पत्र आले की कपाळाला आठी पडणे स्वाभाविक आहे. त्याला अनास्था म्हणणे अन्यायाचे होईल.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले तेव्हा सगळ्यांच्या तोंडी क्यूआर कोड हाच शब्द होता. त्यांच्या कामाचा क्रम मात्र कमी सांगितला गेला. त्यांच्या शाळेतल्या मुलांची अडचण भाषेची होती. पुस्तक त्यांच्या मातृभाषेत नव्हते. डिसले यांनी पुस्तकांतला मजकूर मुलांच्या भाषेत आणला आणि त्यासोबत ध्वनी, दृश्ये आणि स्वाध्याय पोचवायला कोड वापरला. नंतर कोड राज्यभरच्या पुस्तकांत गेला, पण प्रत्येक वर्गाची अडचण त्याच्याबरोबर कशी जाणार? एकाचे उत्तर दुसऱ्याला देता येते, प्रश्न मात्र त्याचा त्यालाच शोधावा लागतो. केरळने हे बऱ्यापैकी ओळखले. २००१ पासूनच्या आयटी ॲट स्कूल प्रकल्पात त्यांनी शाळेत शिकवणाऱ्या शिक्षकांतूनच प्रशिक्षक घडवले, त्यामुळे शिकवणाऱ्याला वर्गातला गोंधळ ठाऊक होता.

आपल्याकडे वेगळी यंत्रणा उभारायचीही गरज नाही. आसपासच्या शाळांच्या गटाची, म्हणजे केंद्राची, शिक्षण परिषद भरतेच. तिच्यात परिपत्रकांच्या वाचनाऐवजी एकच धडा घ्यावा. पाचवी-सहावीच्या शिक्षकांनी आपापल्या मुलांच्या वह्या आणाव्यात, अपूर्णांकांतल्या चुका टेबलावर मांडाव्यात आणि त्यांतल्या कोणत्या चुकीसाठी पट्टी, कोणत्या चुकीसाठी फळा आणि कोणत्या चुकीसाठी पडदा, यावर भांडावे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकाला वर्षाला ५० तास सक्षमीकरणासाठी सांगितले आहेत, ते असे गेले तर सत्कारणी लागतील. आठवड्याभराने तोच पाठ पुन्हा घेऊन काय बदलले तेही सांगावे. यात छायाचित्र काढून गटावर टाकण्याजोगे फारसे काही नसते, हीच त्याची अडचण.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली, दोन वर्षांत सगळी साधने बदलतील, मग शिकायचे तरी कशाला, असेही विचारले जाते. साधने बदलतील, हे खरे. पण दोन अपूर्णांकांची बेरीज करताना अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणारे मूल त्या दोन वर्षांत बदलणार नाही. चॅटबॉटला बेरजेचे दहा बहुपर्यायी प्रश्न मागितले तर तो अर्ध्या मिनिटात देतो. ज्या बाईंना आपला वर्ग ठाऊक आहे, त्या बरोबर उत्तर तपासून थांबणार नाहीत. १/२ + १/३ च्या चुकीच्या पर्यायांत २/५ आहे का, हे त्या आधी पाहतील.