भावकीतले तीन हजार

होटगी जंक्शनावरून एक लोहमार्ग कलबुर्गीकडे जातो, दुसरा विजापूरकडे. गेल्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आमच्या भावकीलाही असेच फाटे फुटले. थोरले चुलते तात्या जुन्या पुढाऱ्याच्या पॅनलबरोबर राहिले. धाकटा चुलतभाऊ नव्या पॅनलकडे गेला. गुलाल उधळून झाला, पण घरातला अबोला काही संपेना. तात्यांच्या तोंडून 'गद्दार' हा शब्द गेला होता.

सोलापूरच्या एका ख्रिस्ती स्नेह्यांपाशी मी हे बोललो. निवृत्त शिक्षक ते. त्यांनी बायबलमधल्या 'पहिला इतिहास' या पुस्तकाचा बारावा अध्याय उघडून पुढे ठेवला. शौल राजा गेला आहे आणि दावीदाला राजा करण्यासाठी इस्राएलचे वंश हेब्रोनला जमत आहेत, त्याची ती हजेरी. जबुलून वंशाचे ५०,००० आले, मनात दुजाभाव न ठेवता. इस्साखाराचे २०० नायक आले. काळ ओळखणारे, आणि भाऊबंद त्यांच्या शब्दात असलेले. बन्यामिनाचे मात्र ३,००० च. कारण तो शौलाचाच वंश. त्यातले बहुतेक तोवर त्याच्या घराण्याला धरून होते.

नवल याचे वाटले की, लिहिणाऱ्याने ना आलेल्यांना संधिसाधू म्हटले, ना मागे राहिलेल्यांना हट्टी. कारण नोंदवले आणि तो पुढे गेला.

आपल्याकडे १६५९ साली अफझलखान विजापुराहून निघाला, तेव्हा मावळच्या देशमुखांपुढे हाच पेच होता. उत्रोळीचे खंडोजी खोपडे खानाला मिळाले. कारीचे कान्होजी जेधे वतनावर पाणी सोडून, पाच मुलांसह शिवरायांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे खोपडे सापडले, तेव्हा त्यांच्या जिवासाठी रदबदली केली ती कान्होजींनीच.

१९८५ चा पक्षांतरबंदी कायदा बाजू बदलली की नाही एवढेच पाहतो. बदलताना कोणी काय मिळवले आणि काय सोडले, हे आपणच पाहायचे. चुलतभावाने पद मागितले नव्हते. पाण्याच्या टाकीसाठी तो गेला होता.

हे सारे तात्यांना सांगितले. बराच वेळ ते गप्प होते.

"मग त्या मागं राहिलेल्यांचं काय झालं रे?"

"शेवटी उरलेलं सगळं इस्राएलही एकमतानं दावीदाकडं वळलं. तीन दिवस पंगती उठल्या. शिधा भाऊबंदांनीच आणला होता."

तात्यांनी टोपी सारखी केली. म्हणाले, "रविवारी बोलाव त्याला जेवायला."