प्रवाळांची पेटी : आधी पाणी मुरू द्या

गोड्या पाण्याची मत्स्यपेटी तुमच्यापैकी काहींनी सांभाळली असेल. पण शाळेत किंवा घरी समुद्राच्या पाण्याची, प्रवाळांची पेटी लावायचे मनात आणून तुम्ही माहिती जमवू लागलात, की पहिल्याच दिवशी छाती दडपते. तापमान, खारेपणा, पीएच, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, फॉस्फेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम, अल्कता! एवढे सगळे रोज मोजायचे, तर अभ्यास केव्हा करायचा? पुष्कळजण येथेच नाद सोडतात. काहीजण याच्या उलट करतात. पाणी, मासे, प्रवाळ सारे एकाच दिवशी आणतात आणि आठवड्याभरात मेलेले मासे बाहेर काढत बसतात.

खरे पाहता ही यादी एका दिवसाची नाही. ती काही महिन्यांवर पसरलेली आहे आणि तिला क्रम आहे.

मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. समुद्रात तो अफाट पाण्यात विरून जातो. शंभर लिटरच्या पेटीतून तो जाणार कोठे? त्यातून समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो. पीएच ७ असलेल्या पाण्याच्या तुलनेत येथे अमोनियाचा विषारी अंश दहापटीहून अधिक भरतो. गोड्या पाण्यात एखादे वेळी खपून जाणारी घाई येथे खपत नाही ती यामुळेच.

यातून सुटका करतात ते डोळ्यांना न दिसणारे जीव. एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. नायट्रेट त्या मानाने पुष्कळच कमी घातक. सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास या जीवाणूंचा छडा लावला. हे जीवाणू मोठे सावकाश वाढणारे. आपल्या आतड्यातला ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, तर यांना अर्ध्या दिवसापासून एक-दोन दिवस लागतात. वाळूत आणि दगडांच्या छिद्रांत त्यांची पुरेशी वस्ती व्हायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. घातल्या दिवशीच लोणचे कोणी पानात वाढते का?

गंमत पाहा, २००५ साली अमेरिकेतील सिअ‍ॅटलच्या मत्स्यालयातील एका टाकीतून शास्त्रज्ञांनी हेच काम करणारा, पण जीवाणू नसलेला, आर्किया गटातला जीव वेगळा काढला. त्याचे भाईबंद महासागरांत विपुल आहेत, असे आता दिसून आले आहे. म्हणजे रिकामी वाटणारी पेटी रिकामी नसते.

तर पहिल्या महिन्यात मासा नाहीच. पाण्यात चिमूटभर मत्स्यखाद्य टाका. ते कुजून अमोनिया तयार होईल. एक दिवसाआड अमोनिया व नायट्राइट मोजून आलेख काढा. आधी अमोनिया चढून उतरेल, मग नायट्राइट चढून उतरेल. दोन्ही शून्यावर टिकले, की एकच लहान मासा सोडा.

याशिवाय लक्ष ठेवायचे ते तापमान (२५ ते २६ अंश सेल्सियस) आणि खारेपणा यांवर. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे शंभर लिटरमध्ये साडेतीन किलो. पाच लिटर पाण्याची वाफ झाली, तरी क्षार पेटीतच राहतात आणि खारेपणा ३७ च्या जवळ पोचतो. म्हणून भर घालायची ती क्लोरीन नसलेल्या गोड्या पाण्याची. खारे पाणी ओतत राहिलात, तर पेटी हळूहळू मिठागराच्या वाटेला लागेल! पेटी जितकी लहान, तितका हा चढउतार जलद. छोट्या पेटीने सुरुवात करणे सोपे, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

कॅल्शियम, अल्कता, मॅग्नेशियम यांची चिंता आज नको. कठीण प्रवाळ आपला सांगाडा बांधू लागतात, तेव्हा ही द्रव्ये पाण्यातून कमी होतात. ती वेळ यायला काही महिने आहेत.

मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत. तेथून एखादा तुकडा उचलून आणण्याचा मोह मात्र धरू नका. खडक बांधणाऱ्या प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण २००१ पासून आहे; ते काढणे हा गुन्हा ठरतो. जीवाणूंना राहायला झिलई नसलेल्या मातीच्या कुंडीचे, स्वच्छ धुतलेले तुकडेही चालतात. कोणाकडे खाऱ्या पाण्याची जुनी, निरोगी पेटी असेल, तर तिच्यातली मूठभर ओली वाळू मागून आणा. विरजण लावल्यासारखे होते आणि थोडे दिवस वाचू शकतात.