मळमळ आणि वांती : एक व्याकरणिक भेद व त्याचे वैद्यकीय महत्त्व

‘ओकणे’ व ‘मळमळणे’ ही क्रियापदे नित्याच्या बोलण्यात जोडीने येत असली, तरी त्यांची वाक्यरचना भिन्न आहे. ‘रोगी ओकला’ या वाक्यात प्रथमान्त कर्ता आहे. ‘रोग्याला मळमळते’ यात तो नाही. उजाडणे, सांजावणे यांप्रमाणेच मळमळणे हे भावकर्तृक क्रियापद होय. ज्याला ती जाणीव होते तो येथे चतुर्थीत येतो. अर्थदृष्ट्याही हा भेद सार्थ आहे. वांती इतरांस दिसते व मोजता येते. मळमळ केवळ अनुभवणाऱ्यास कळते. आयुर्वेदानेही छर्दि व हृल्लास अशी दोन स्वतंत्र नावे योजली आहेत.

कर्करोगावरील केमोथेरपीत हा भेद निर्णायक ठरतो. या उपचारातील अनेक औषधांमुळे आतड्याच्या अस्तरातील काही पेशी सेरोटोनिन हे द्रव्य सोडतात. त्याचा संदेश व्हेगस मज्जातंतूच्या द्वारे मेंदूकडे जातो व वांतीची क्रिया सुरू होते. अमेरिकेत १९९१ साली मान्यता मिळालेले ऑन्डानसेट्रॉन हा मार्ग अडविते. त्यामुळे पहिल्या २४ तासांतील वांती पुष्कळ आटोक्यात आली. परंतु मळमळ, विशेषतः नंतरच्या दिवसांतील, तितकीशी आवरली नाही. तिच्यासाठी डेक्सामेथासोन, ऑलान्झापीन इत्यादींची जोड द्यावी लागते. याखेरीज मळमळीचा आणखी एक प्रकार आहे. आधीच्या फेरीत फार त्रास झाला असल्यास पुढील वेळी नुसत्या रुग्णालयाच्या वासानेही, औषध टोचण्यापूर्वीच, मळमळू लागते. म्हणून प्रतिबंधक औषधे पहिल्या फेरीपासूनच, त्रास सुरू होण्याची वाट न पाहता, डॉक्टरांनी ठरविलेल्या वेळी घेणे इष्ट होय. थोडे थोडे खाणे व उग्र वासाचे, तळकट पदार्थ टाळणे यांचाही उपयोग होतो. पाणीही पोटात ठरत नसल्यास डॉक्टरांना तत्काळ कळविले पाहिजे.

‘किती उलट्या झाल्या?’ एवढेच विचारल्यास ‘एकही नाही’ असे उत्तर मिळू शकते, आणि ते खरे असूनही रोग्याने दोन दिवस अन्नास स्पर्श केलेला नसणे शक्य आहे. नोंदवहीत मात्र उपचार यशस्वी ठरतो, व पुढील फेरीत औषधांत बदल होत नाही. यास्तव ‘मळमळते का? केव्हापासून? जेवण जाते का?’ हे प्रश्न वेगळे विचारले पाहिजेत. आणि कोणी विचारले नाही, तरी रोग्याने ते आपण होऊन सांगितले पाहिजे.